जाखाईचा कौल

या, असे पुढे सरकून बसा. टाळ घटकाभर खाली ठेवा. आख्यान पुराणातलं नाही, याच चैत्रातलं आहे.

राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरमाथ्यावर गंगाराम गुरव जाखाईपुढे बसला होता. शेंदराच्या शिळेला दोन ओल्या कळ्या चिकटवलेल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मागे गावची तीसेक माणसं हात जोडून उभी. गाव म्हणायचं आपलं. उद्यान झालं आणि गाव उठून खाली चिपळूणच्या बाजूला वसाहतीत गेलं, त्याला बावीस वर्षं झाली. तिथे देऊळ बांधून तयार होतं. देवी तेवढी यायची होती. दरवर्षी गंगाराम नारळ पुढे ठेवून विचारायचा, "बाय माझे, ह्या नारळात बसून लेकरांबरोबर खाली येतेस काय?" आणि दरवर्षी डावी कळी पडायची.

यंदा दोन्ही कळ्या जागच्या हलत नव्हत्या. वनरक्षक दुसऱ्यांदा येऊन उभा राहिला.

"आजोबा, आटपा. पाचला फाटक बंद. मुक्कामाची परवानगी नाही तुम्हाला."

शेजारच्या पर्यटक-कुटीच्या पडवीत एक बाई चहा पीत होत्या. त्यांनी कौतुकाने विचारलं, "आम्ही दोन दिवस आहोत. तुम्ही कधी राहिलायत का इथे?"

"व्हय तर," गंगाराम म्हणाला, "पंचेचाळीस वर्षं."

त्याने डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं. "आई, वर्षातून एकदा येतो, तेही पास काढून. आता गुडघे चढत नाहीत. काय ते यंदा सांग."

"व्हय म्हाराजा!" मागून गजर झाला.

डोळे उघडले तर उजवी कळी खाली पडलेली.

"दिलान! आईने उजवा दिलान!" त्याचा मुलगा सुजय ओरडला. गावची म्हातारी मथुरा तर रडायलाच लागली. सुजय घाईघाईने नारळ फडक्यात गुंडाळू लागला. त्याच्या बोटाच्या टोकाला ओला शेंदूर होता.

गंगारामने ते बोट धरलं. "हात लावलास तू."

सुजयची मान खाली गेली. "बाबा, पुढल्या वर्षी तुम्हाला काय पाठीवर घालून आणू? आणि देऊळ रिकामं किती दिवस ठेवायचं?"

गंगारामने पडलेली कळी उचलून शिळेपाशी ठेवली. मग पंच्याच्या टोकाने त्याने मुलाचं बोट स्वच्छ पुसलं.

"चल. आपल्याला उठवलं, तेव्हा तरी कौल कुणी घेतलान होता?"

खालच्या देवळात आता रोज आरती होते, झांजा वाजतात. तुम्ही मात्र बाबांनो, हात जोडाल तेव्हा त्या माथ्यावरच्या आईची आठवण असू द्या. तिने अजून हो म्हटलेलं नाही.