कच्चा टाका

खोटं वाटेल, पण देवानं शब्द पाळला म्हणून एक मोची त्याच्याशी भांडला होता. गुलामीतून सुटलेल्या माणसांना देव म्हणाला होता, “तुमच्या भूमीत पोचवतो, तोवर वहाणासुद्धा झिजणार नाहीत.” चाळीस वर्षं ती माणसं वाळवंट तुडवत होती, आणि त्यांच्यातला हा मोची तंबूत माश्या मारत होता. शेवटी आभाळावर आरी रोखून तो कडाडला, “गिऱ्हाईक परत यावं म्हणून टाके मुद्दाम कच्चे घातले होते! पक्के करायला तुला कुणी सांगितलं?” “मेल्या, तुझी लाज राखली त्यानं, आणि त्यालाच आरी दाखवतोस?” बायको म्हणाली. नदी ओलांडून त्या भूमीवर पाऊल ठेवलं, तोच तिच्या वहाणेचा पट्टा तुटला. “शिव आता,” ती फणकारली. मोची धुमसतच खाली बसला. “पक्कंच शिवतो! त्याच्यापुढे पुन्हा नाक कापून घेऊ?” म्हणत त्यानं दोऱ्याला दोनदा मेण चोळलं.