पिण्याची विहीर

बिरूने कोऱ्या पंचनाम्यावर अंगठा उठवला, बोट धोतराला पुसलं आणि तो मेंढरांमागे निघून गेला. पंच म्हणून त्याचं काम संपलं होतं. कागदावर पुढे काय लिहिलं जाईल याची त्याला फिकीर नव्हती. मेंढरं उसात शिरतील याची होती.

दुसरे पंच रावजीआबा तसे नव्हते. बांधाचं भांडण असो की जळालेली गंजी, वाडीत सरकारी माणूस आला की आबांना बोलावणं जायचं. आबा आधी सगळं लिहायला लावायचे, मग वाचून घ्यायचे आणि मगच सही करायचे. चाळीस वर्षांत खोट्याखाली आपलं नाव नाही, हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत. ऐकणारे कंटाळत, पण नाही म्हणत नसत.

आज नगरपालिकेचा आरोग्य निरीक्षक माधव आला होता. शहराचा कचरा टाकायला नवी जागा हवी होती. आधीच्या दोन जागा नियमात बसल्या नव्हत्या, एक ओढ्यामुळे आणि दुसरी शाळेमुळे. आता इंदापूर-बारामती रस्त्याच्या आतल्या अंगाचं वाडीचं हे गायरान तेवढं उरलं होतं. पाचशे फुटांच्या आत पिण्याच्या पाण्याची विहीर निघाली, तर तेही बाद.

नकाशात विहीर नव्हती. गायरानाच्या कडेला मात्र होती. बौद्धवस्तीने धम्म घेतला त्याच्या पुढच्याच साली ती स्वतः खणली होती आणि कागदावर चढवायचं काम कुणीच केलं नव्हतं. माधवने कचऱ्याच्या जागेच्या चुन्याच्या खुणेपासून विहिरीपर्यंत टेप धरला. तीनशे वीस फूट भरले. त्याचा चेहरा उतरला.

"ही पिण्याची आहे का, आबा?"

आबांना विचारही करावा लागला नाही. "पानी बरं असंल. पर कुनी पीत न्हाय."

माधवने पेन दाबून लिहिलं, 'विहीर आहे. पिण्याच्या वापरात नाही.' खालच्या दोन्ही प्रतींवर उमटलं की नाही तेही कार्बन उचलून पाहिलं.

विहिरीवर रंगुबाई दोर गुंडाळत होती. वाऱ्याची दिशा तिच्याकडेच होती, त्यामुळे सगळं तिला ऐकू गेलं. तिने भरला हंडा डोक्यावर घेतला आणि वस्तीकडे जायचं सोडून ती या दोघांसमोर येऊन उभी राहिली. आवाज तिने चढवला नाही.

"आबा, कुनी पीत न्हाय, तर मग ह्यो हंडा मी कुनासाठी भरला?"

"तसं न्हवं, रंगू. गावातलं कुनी पीत न्हाय, असं म्हनलो मी."

"मग आमी कुठल्या गावचं?"

खोटं बोलायचं आबांच्या मनातही नव्हतं, आणि हीच तर पंचाईत होती. या विहिरीवर बाया पाणी भरताना ते वर्षानुवर्षं बघत आले होते, रानात जाताना आणि येताना, रोज. पण 'कुणी' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे आपल्या आळीचीच दारं यायची. त्यापलीकडची मोजायची राहून जायची. सही व्हायच्या आत कळलं ते बरं झालं, असं त्यांना आधी वाटलं. मग लाज वाटली.

"वाढ मला वंजळभर," ते म्हणाले. "मी पितो, मंग सायेब लिवतील."

रंगुबाईने हंड्याच्या तोंडावर हात ठेवला.

"तुमी पिल्यावरच ती पिन्याची व्हनार असंल, तर ऱ्हाऊ द्या, आबा."

आबांनी पुढे केलेली ओंजळ मागे घेतली. मग त्यांनी माधवला ती ओळ खोडायला सांगितली. माधव कुरकुरला. तीन प्रती होत्या, त्यांवर एका पंचाचा अंगठाही होता, आणि तिसरी जागाही गेली म्हणून वरचे त्यालाच धारेवर धरणार होते. आबा म्हणाले, मग माझी सही नाही. एका पंचाचा कागद कुठेच चालत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. माधव काही वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त काम उरकायचं होतं. त्याने ओळ खोडली आणि बाजूला स्वतःची सही ठोकली.

"वापरात आहे असं लिहायचं, तर कोण वापरतं तेही लिहावं लागेल," तो म्हणाला. "घरागणिक नावं द्या."

"लिवा की. भानुदास..." आबा सुरू झाले आणि तिथेच थांबले. भानुदासचं आडनाव त्यांना आठवेना. त्याच्या शेजारचा म्हणजे पोस्टातल्याचा बाप, पलीकडचा कारखान्यातला फिटर. सगळ्यांचे चेहरे पाठ होते, नाव एकाचंही धड येत नव्हतं. ज्या वस्तीतून रोज जाणंयेणं, तिथल्या एका घराचं नाव सांगता येऊ नये, याने आबांचा जीव अगदी बारीक झाला.

"तुमी सांगा, रंगुबाई," ते म्हणाले.

रंगुबाईने हंडा खाली ठेवला आणि वस्तीच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली. भानुदास लोंढे. गोजरबाई सरवदे. बुद्धघोष सरवदे, हायस्कूलचे मास्तर. ती एकेक नाव सांगायची, आबा ते मोठ्याने म्हणायचे आणि माधव लिहायचा.

रकाना दोनच ओळींचा होता. तो पाचव्या घरालाच भरला. माधवने समासात लिहायला घेतलं, तीही जागा संपली. आबा टोपण काढलेलं पेन धरून उन्हात उभे होते. माधवने कागद उलटला, कार्बन पुन्हा नीट लावला आणि मान वर न करता विचारलं, "पुढचं घर?"