हिरवी पट्टी

जिनिंगवाले फकीर मोहम्मद सेठ वारल्यापासून त्यांची थोरली विलायती मोटार नांदुऱ्याच्या बंगल्यात उभीच होती. वामनरावांना ती हवी होती, कारण त्यांच्या आजारी बायकोला, तानुबाईंना, बैलगाडीचे हादरे सोसत नव्हते. पण मोटार फाटकाशी आली, की रुईचा कण घशात गेल्यासारखी खोकून बंद पडे.

"इंजिनात काहीच खोट नाही, राव," जब्बार मिस्त्री म्हणाला. "तरी काऊन बंद पडते, मले समजून नाही राह्यलं."

चिकाच्या पडद्याआडून सेठांची बेवा खैरुन्निसा हळूच बोलली, "सेठ परगावी निघाले, की वाटेत राखण म्हणून मी त्यांच्या दंडाले इमाम जामीन बांधो. शेवटच्या खेपेले राहून गेला, अन् ते वापस आलेच नाही."

तिनं नाणं शिवलेली हिरवी पट्टी बाहेर दिली. "गाडीले बांधून घरापर्यंत न्या, वामनराव, मंग ठरवा. मुक्कामी पोचल्यावर गाठ सोडजा."

जब्बारनं पट्टी स्टिअरिंगला बांधली. मोटार न खोकता फाटकाबाहेर पडली.

घराशी जब्बारनं इंजिन बंद केलं. तानुबाई हसत दारात आल्या. वामनरावांनी गाठीला हात घातला.

पट्टीखाली स्टिअरिंगमध्ये, माणसाच्या दंडात उडावी तशी, नाडी उडत होती.

त्यांनी गाठ जरा सैल केली, तशी ती मंदावली.