बाटलीतली केळी

तेजराम खुर्चीवरून उठला तेव्हा त्याच्या बायकोला, भागीरथाला, वाटलं, याला बाहेर जायचं असेल. पण तो बाहेर गेला नाही. भर सभेत त्याने हात वर केला. घरात बोलण्याचं खातं सगळं भागीरथाकडे; हा माणूस दोन वाक्यं सलग बोलला तर याला ताप आलाय की काय असं तिला वाटायचं. तिने त्याच्या सदऱ्याचं टोक धरून खाली ओढलं. तो बसेना.

कुम्हारीजवळच्या एका गावात, शाळेच्या पटांगणात सभा भरली होती. मंचावर तेव्हाच्या राजधानीतून, भोपाळहून आलेले शेतीखात्याचे मोठे साहेब होते, केळीची रोपं तयार करणाऱ्या केंद्राचे संचालक होते आणि शेवटच्या खुर्चीवर होती रत्नमाला. तेजराम-भागीरथाची मुलगी. केंद्रातली सायंटिस्ट. लेकीला मंचावर बसलेलं बघायला भागीरथा ठेवणीतलं लुगडं नेसून भिलाईहून मुद्दाम आली होती, आणि येताना शेजारच्या रंभाला घेऊन आली होती. रंभाला आणणं गरजेचंच होतं. त्याशिवाय ही बातमी प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरभर कशी पोचणार? आता थोड्याच दिवसांत रत्नमाला नोकरीत पर्मनंट व्हायची होती. सगळं कसं झकास चाललं होतं.

म्हणजे गावाचं काही झकास चाललं नव्हतं. केंद्राने प्रयोगशाळेत, बाटलीत वाढवलेली केळीची रोपं गावाला वाटली होती. गावाने धानाची जमीन मोडून ती लावली. पानं फुटली, पण झाडं कमरेएवढी होऊन खुंटली. एकालाही धड घड धरला नाही. संचालक मघापासून माइकवरून समजावत होते की रोपं उत्तमच होती, गावकऱ्यांनी पाणी वेळेवर दिलं नाही. सुखराम नावाचा शेतकरी बोलायला उठला, तर त्यालाही पाण्यावरूनच झापून खाली बसवलं. रत्नमाला मान खाली घालून बसली होती. पोर उन्हाने शिणली असेल, असं भागीरथाला वाटलं.

आणि आता हा उठला होता.

पोलाद प्लांटातल्या हिंदीत तेजरामने सांगितलं की तो रेल मिलमध्ये, म्हणजे रेल्वेचे रूळ बनतात तिथे, काम करतो. भट्टीतून एका वेळी जेवढं पोलाद निघतं त्याचा नंबर तिथे प्रत्येक रेलवर ठोकतात. रेल मुलखाच्या कुठल्याही टोकाला तुटो, त्या नंबरावरून विचारायला माणसं भिलाईलाच येतात. ड्रायव्हरने गाडी नीट चालवली नसेल, असं म्हणून सुटता येत नाही. मग त्याने घसा खाकरला.

"साहब, ये पौधे किसने बनाए? बस, इतना बता दो."

भागीरथाने त्याचा सदरा पुन्हा ओढला. कोणी बनवली, हे याला ठाऊक नव्हतं होय? रोज संध्याकाळी पोरीच्या तोंडून त्या बाटल्यांचं कौतुक कोण ऐकत होतं? भर चौकात लेकीच्या पायावर धोंडा टाकला या माणसाने. रंभाने तोंडाला पदर लावला.

संचालक घाईघाईने माइककडे सरकले. मोठ्या साहेबांनी त्यांना हातानेच थांबवलं.

"सवाल सीधा है. जवाब दीजिए. किसने बनाए?"

रत्नमाला उभी राहिली. "मैंने, सर."

मग ती थांबली नाही. दोष पाण्याचा नाही, रोपांचा आहे, असं तिने गावासमोर सांगितलं. एका कोंबापासून किती पिढ्या रोपं काढायची याला मर्यादा असते. केंद्राला आकडा गाठायची घाई होती आणि ती मर्यादा ओलांडली गेली. हुकूम वरून आला होता, पण हात माझे होते, असंही ती म्हणाली. आवाज जरासुद्धा कापला नाही.

मोठ्या साहेबांनी तिथेच सांगितलं, नुकसान केंद्राने भरून द्यायचं, नवी रोपं द्यायची आणि यापुढे रोपं पसंत केल्यावाचून गावाने ती घ्यायची नाहीत. संचालक मंचावरून उतरताना रत्नमालाजवळ थांबले. "पर्मनंट होना अब भूल जाओ," ते दात आवळून म्हणाले. भागीरथाने ते ऐकलं. त्यांच्यामागून सुखराम आला. त्याने रत्नमालाच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटी, नए पौधे भी तू ही लाना."

बसथांब्यावर भागीरथाचा बांध फुटला.

"तुमाले काही अक्कल? पोटच्या पोरीले अशी चारचौघांत उभी करते कोनी? लागलेली नोकरी घालवली तिची! कावून उठले तुमी?"

रत्नमाला हसत होती.

"आई, बाबाले मीच उठवलं. काल मीच सांगितलं, असं विचारा म्हणून."

"तू?"

"संचालकसाहेबांनी मले दम दिला होता, सभेत एक शब्द बोलाचा नाही. पण मोठ्या साहेबांसमोर कोनी विचारलंच, तर मले जबाब द्यावाच लागते. अन् बाप आपल्याच पोरीले अडचणीत टाकून राहिला, तर ते पोरीनंच सांगितलं असंन, असा संशय कोनाले येते?"

भागीरथा तिच्याकडे बघतच राहिली. नोकरी राहते की जाते कोण जाणे, पण असली लेक आपल्या पोटी आली, या अभिमानाने तिचा ऊर भरून आला. मग तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो रस्त्याकडे तोंड करून, बस येते का बघत होता. त्याचाही तिला इतका अभिमान वाटला की तिला राग आला.

"अन् मले कावून नाही सांगितलं?"

"तुले सांगितलं असतं तर रंभाकाकूले कळलं असतं."

रंभा दुसरीकडे बघू लागली. भागीरथाने पदर खोचला.

"मलेच सांगाचं होतं," ती म्हणाली. "याच्यापेक्षा मोठ्यानं विचारलं असतं मी."