चार दिवस बंद असलेली साईट

गावच्या बातम्यांची वेबसाईट चार दिवस कुणाच्याच फोनवर उघडत नव्हती. ती पुन्हा सुरू करण्यासाठी राजारामपुरीतल्या ऑफिसात बसून विश्वजित तिच्या मुंबईतल्या सर्व्हरची जुनी सिस्टीम बदलायला निघाला होता. लांबचा सर्व्हर बिघडला तर धावत जाऊन हात लावता येत नाही, म्हणून त्यानं दोनदा बॅकअप घेतला, स्क्रीनवरच्या 'बदल सुरू करू का?' या प्रश्नाला होकार टाइप केला आणि एंटर दाबण्याआधी साहेबांना विचारायला फोन उचलला.

तेवढ्यात जयसिंग लोखंडी पाईप घेऊन आत घुसला. पहिल्या फटक्यात दाराची काच फुटली, दुसऱ्यात विश्वजितचा खांदा.

"माझा मारामारीचा व्हिडिओ काढ साईटवरनं!"

"पावणं, साईटच बंद हाय! कुणालाबी दिसत न्हाय त्यो!"

"मला येडं समजतोस व्हय रं?"

जयसिंगनं त्याची मान धरली आणि कपाळ कीबोर्डवर आपटलं, नेमकं एंटरवर. रक्त बटणांत शिरलं. स्क्रीनवर ओळीमागून ओळी पळू लागल्या.

"हां, आता कसा निघाला व्हिडिओ!" म्हणत जयसिंगनं खाली पडलेल्या विश्वजितच्या बरगडीत आणखी दोन लाथा घातल्या. ओळी थांबेपर्यंत तो पाईप मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिला.

ओळी थांबल्या आणि त्याचा फोन वाजला. कोडोलीहून थोरली बहीण होती.

"जया, चार दिस नुसतं गोल फिरत हुतं, आत्ता साईट उघडली बघ, त्यो मारामारीचा व्हिडिओ बघितला. तुझ्या दाजींचा पाय तूच मोडलास, आणि दवाखान्यात माझ्या गळ्यात पडून रडलास व्हय रं?"