रामोनचं उत्तर

पक्षाघातानंतर रामोनकाकांचं बोलणं गेलं, गाणं मात्र राहिलं. मेंदूत दोन्हींच्या जागा वेगळ्या असतात, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनला होकार की नकार, हे काकांनी स्वतःच सांगणं गरजेचं होतं.

म्हणून चौऱ्याण्णव साली, न्यू जर्सीतल्या त्या हॉस्पिटलात, जुनं क्युबन 'सोन' वाजवणारा आमचा ताफा त्यांच्या खाटेभोवती जमला. सोनमध्ये कोरस एकच ओळ पुन्हा पुन्हा गातो आणि गायक दर वेळी नवी ओळ रचून उत्तर देतो. मी दोन लाकडी दांडक्यांवर ताल धरला.

"ऑपरेशन करू या ना, रामोन?" कोरसने गाऊन विचारलं.

"पुरे झालं, आता जाऊ द्या मला," काका अचूक सुरात गायले.

माझे हात थांबले.

"वाजव, भूषण," त्यांची बायको मर्सेदेस म्हणाली. "ही तर जुन्या गाण्यातलीच ओळ आहे. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही."