तिच्या मदतीला

पांढरी काठी स्टेजवरच्या टेबलाला टेकवून तिने लॅपटॉप उघडला. परिषदेचं सभागृह प्रोग्रामर मंडळींनी खचाखच भरलं होतं. मी आयोजक, अडली तर मदतीला म्हणून तिच्या शेजारीच उभा राहिलो.

"हा प्रोग्राम अडतोय. चूक शोधू या," ती म्हणाली. लॅपटॉप तिला कोड मोठ्याने वाचून दाखवू लागला, पण इतक्या भन्नाट वेगात, की आम्हाला नुसती भुणभुण ऐकू आली. काहीतरी बिघडलं असं समजून मी घाईघाईने साउंडवाल्याला खूण केली.

"सापडली! कंस बंद करायचा राहिलाय." तिने तो टाकला आणि प्रोग्राम सुरळीत चालला.

सभागृह चिडीचूप. तिने कानोसा घेतला आणि ओशाळून हसली.

"सॉरी हं, विसरलेच. तुमच्यासाठी जरा हळू लावते."

मी स्टेजवरून उतरलो आणि श्रोत्यांत जाऊन बसलो.